चाळीस नावं आणि येमूलसर

सोलापुरात कुणी ‘येतो की’ म्हणालं, तर तो माणूस खरोखर येण्याची शक्यता किती, याची नोंद ठेवणारा एकच गृहस्थ मला आयुष्यात भेटला. मल्लेशम येमूल. ‘येतो की’ म्हणणारे दहात तीन येतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. ‘बघतो’ म्हणणारे दहात एक. ‘तुम्ही काळजीच करू नका, मी आलोच समजा’ म्हणणारे दहात दोन. आणि ‘जमंल असं वाटत न्हाय’ असं तोंड पाडून सांगणारे मात्र दहात पाच येतात, आणि वेळेच्या आधी येऊन पुढच्या खुर्चीवर बसतात. हे सगळं त्यांनी एका दोनशे पानी वहीत पट्टीनं रेघा मारून लिहून ठेवलं होतं. बारसं, व्याख्यान, शोकसभा, सत्कार असे रकाने वेगवेगळे. सत्काराच्या रकान्यात ‘जेवण आहे’ आणि ‘जेवण नाही’ असे दोन पोटरकाने होते.

येमूलसर गेले त्याला आता दीड वर्ष झालं. त्यांच्याविषयी रडकं लिहिलं तर ते मला आवडणार नाही आणि त्यांनाही आवडलं नसतं. माणसं मरतात हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. तो त्यांचा धंदाच होता.

सर ॲक्च्युअरी होते. हा शब्द उच्चारला की आमच्याकडे समोरचा माणूस मान डोलावतो आणि विषय बदलतो. विम्याचा हप्ता किती असावा, पेन्शनचा फंड किती वर्षं पुरेल, कुठल्या वयाची किती माणसं किती वर्षं जगतील, हे गणितानं सांगणारा तो ॲक्च्युअरी. त्यासाठी परीक्षांची एक लांबलचक रांग पार करावी लागते आणि ती करता करता पुष्कळांचे केस पिकतात. सरांनी ती पार केली, मुंबईत एका विमा कंपनीत जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या वडिलांच्या घरी राहायला आले. पत्नी आधीच गेलेल्या, मुलगी लग्न होऊन हैदराबादला. भिंतीला भिंत लागून यंत्रमागाचा कारखाना. त्या खटखटाटात जन्म झाल्यामुळे शांतता असली की मला झोप येत नाही, असं ते म्हणत.

गल्लीत मात्र त्यांची भलतीच ख्याती पसरली होती. माणूस कधी मरणार ते सांगतात म्हणे! एकदा मी त्यांच्याकडे बसले असताना शेजारच्या अक्का मुलाची पत्रिका घेऊनच आल्या.

“अन्ना, ह्याचं आयुष्य किती हाय तेवढं बघा की.”

सरांनी पत्रिका अदबीनं हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली.

“अक्का, एकट्याचं मला सांगता येत नाही. ह्याच्या वयाची दहा हजार पोरं आणा. त्यातली किती राहतील ते बरोबर सांगतो.”

अक्कांचा चेहरा पांढरा पडला. मग सरांनी त्यांना बसवलं, चहा पाजला, पोराला तंबाखू सोडायला सांगा म्हणाले, आणि सोडली तर आयुष्य नक्की वाढेल अशी गणिती ग्वाही दिली. पोरानं तंबाखू सोडली की नाही देव जाणे, पण अन्नांनी आयुष्य वाढवून दिलं असं अक्का महिनाभर सांगत फिरत होत्या.

आता माझ्याविषयी थोडं, म्हणजे पुढचं कळेल. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. शिक्षकांच्या संघटनेपासून सोसायटीच्या गणपतीपर्यंत मी कशातच नसते. चार माणसं एकत्र आली की पहिल्यांदा अध्यक्ष निवडतात आणि दुसऱ्यांदा भांडतात, असं माझं मत आहे आणि ते अनुभवानं बनलेलं आहे. अशा माझ्या खोलीत एके दिवशी पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी आणि पायात धुतलेल्या चपला असा एक किरकोळ अंगाचा माणूस आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, “मॅडम, मला फुकट काम पाहिजे.”

मला वाटलं, काहीतरी विकायला आले असतील. फुकट म्हणणारे शेवटी विकतातच.

“दर शनिवारी दोन तास तुमच्या पोरापोरींना शिकवतो. ॲक्च्युअरीच्या परीक्षांना बसायचं असेल त्यांना. नसेल त्यांनाही चालेल. चहा मी माझा पिऊन येईन.”

त्या शनिवारपासून सर आले ते आलेच. चहा मात्र एकदाही पिऊन आले नाहीत.

हे फुकट कामाचं वेड त्यांना जुनं होतं. ॲक्च्युअरींची एक संस्था आहे, तिची कचेरी मुंबईत. परीक्षा तीच घेते, नियम तीच करते, आणि तिचा पुष्कळसा गाडा सभासद आपापल्या नोकऱ्या सांभाळून फुकट ओढतात. दरवर्षी संस्थेकडून पत्र येतं : खालीलपैकी कुठल्या कामात मदत कराल? समोर खूण करा. शहाणे सभासद एक खूण करतात. अतिशहाणे पत्र उघडत नाहीत. येमूलसर सगळ्या चौकोनांत खुणा करून पाठवत. उत्तरपत्रिका तपासणं, नवीन लोकांना मार्गदर्शन, वार्तापत्र, वर्तनाचे नियम, काय वाटेल ते. एकदा यादीत ‘तरुण सभासदांचे क्रिकेट सामने’ असं होतं, तिथंही त्यांनी खूण केली. बॅट त्यांनी जन्मात धरली नव्हती. संस्थेनं त्यांना धावा लिहायला बसवलं. त्यांनी धावा तर लिहिल्याच, पण प्रत्येक फलंदाज किती चेंडू टिकेल याचा अंदाजही शेजारी लिहून ठेवला, आणि तो वाचून दोन फलंदाज रुसले.

“मॅडम,” ते मला सांगत, “पगाराचं काम वाईट केलं तरी पगार येतो. फुकटचं वाईट केलं तर पुन्हा कुणी बोलवत नाही. म्हणून फुकटचं काम जास्त नीट करायचं.”

संस्थेच्या बैठका नंतर संगणकावर होऊ लागल्या. मुंबई, दिल्ली, बंगळूरची मंडळी आपापल्या शांत खोल्यांतून बोलत आणि सरांच्या चौकोनातून खटखट, खटखट. एकदा अध्यक्षांनी काळजीनं विचारलं, “येमूल, तुमच्याकडे फार जोराचा पाऊस आहे का?”

“नाही सर. चादरी विणतायत.”

आवाज बंद करायचं बटण त्यांना माहीत होतं. ते दाबायचे नाहीत. सोलापूरचा एक प्रतिनिधी बोलतोय तर बोलू द्या, असं म्हणून हसायचे.

शनिवारच्या वर्गात पहिल्या वर्षी सहा जण होते, तिसऱ्या वर्षी पंधरा-सोळा. त्यात निलोफर शेख. तिचे वडील सलीमभाई मार्केट यार्डातून भाजीचा टेम्पो चालवत. पोरगी सरळ होती, बोलायची कमी, पण फळ्यावर गणित पडलं की तिची मान आपोआप वाकडी व्हायची आणि ते सुटेपर्यंत सरळ व्हायची नाही. सर तिच्यावर फार खूष. एकदा तिनं सरांचीच चूक काढली, तर सरांनी वर्गाला दहा मिनिटं सुट्टी देऊन सगळ्यांना भजी खायला घातली.

अडचण होती ती परीक्षाकेंद्राची. सोलापुरात ते नव्हतं. प्रत्येक पेपरला पुण्याला जायचं. निलोफरनं दोन पेपर असे दिले होते. दोन्ही वेळी थोरला भाऊ बरोबर गेला, कारण एकटीनं जायचं, मुक्काम करायचा, हे घरात कुणाच्या कल्पनेतही बसत नव्हतं. भाऊ एका गॅरेजात कामाला. दर खेपेला त्याचे दोन दिवस बुडत, आणि मालक बोलत असे. तिसऱ्या पेपराची वेळ आली तेव्हा भावानं हात वर केले. मग मावशी, आत्या वगैरे मंडळींनी आपापली मतं मांडली. आणि निलोफर एका शनिवारी वर्गाला आली नाही.

सर मला घेऊन सलीमभाईंच्या घरी गेले. मी जायला तयार नव्हते, लोकांच्या घरात शिरून उपदेश करायचा मला तिटकारा आहे. सरांनीही उपदेश केला नाही. ते जाऊन नुसते बसले.

सलीमभाई चांगला माणूस. म्हणाले, “सर, पोरगी हुशार हाय, त्यात वादच न्हाय. आमच्या सात पिढ्यांत असं डोकं न्हाय. पन दर टायमाला पुन्याला कोन जानार? मी टेम्पो सोडून गेलो तर घर बसतंय. आन् एकटीला धाडायला आमचं मन हुईना. दोन पेपर झाले की. आता बास.”

आतल्या खोलीच्या दारात निलोफर उभी होती.

सरांनी मग त्यांना कुर्डुवाडीची गोष्ट सांगितली. ती मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. तेविसाव्या वर्षी सर परीक्षेसाठी सोलापूरहून मुंबईला निघाले होते. पुढं कुठंतरी मालगाडी रुळावरून घसरली आणि त्यांची गाडी कुर्डुवाडीला उभी राहिली ती राहिलीच. फलाटावर बसून त्यांनी आख्खं पुस्तक पुन्हा वाचून काढलं. मुंबईला पोचले तेव्हा पेपर संपून पोरं बाहेर पडत होती. तेव्हा तो पेपर वर्षातून एकदाच असायचा. घरी परत आले, तर आई मागावरून न उठता म्हणाली, “झाली का रे परीक्षा?” आणि सर म्हणाले, “झाली.”

“आयुष्यात खोटं तेवढंच बोललो,” सर म्हणाले. “सलीमभाई, तुमचं बरोबर आहे. तुम्ही पोरीला पाठवू नका. मी परीक्षाच इकडं आणतो. पुढच्या सत्रापर्यंत थांबा. नाही आणली तर मग बास म्हणा.”

सलीमभाईंनी विचार केला. “पुढच्या सत्रापर्यंत,” ते म्हणाले. “त्याच्यापुढं न्हाय.”

बाहेर आल्यावर मी सरांना म्हटलं, “सर, परीक्षा इकडं आणायला ती काय चादर आहे?”

“फरवालेदू,” सर म्हणाले. काळजी नको, चालतंय, या अर्थाचा हा तेलुगू शब्द ते नेमका काळजीच्या वेळी वापरत.

सरांनी संस्थेला पत्र लिहिलं. एक नव्हे, माझ्या मोजणीप्रमाणे नऊ. शेवटी परीक्षासमितीच्या कामतबाईंचं उत्तर आलं. त्याही फुकट काम करणाऱ्याच, पण कडक. नवीन केंद्र हवं असेल तर गावातली निदान चाळीस नावं हवीत, खरोखर परीक्षेला बसणाऱ्यांची. मी स्वतः सोलापूरला येईन, तुम्ही माहितीसभा घ्या, किती लोक येतात ते बघते आणि ठरवते.

सभा रविवारी आमच्या कॉलेजच्या सभागृहात ठरली. सरांनी सगळे मिळून दीडशे लोकांना सांगितलं. कुणी काय उत्तर दिलं ते वहीत उतरवलं. ‘येतो की’ इतके, ‘बघतो’ इतके. मग कोष्टक लावून बेरीज केली आणि शनिवारी माझ्या टेबलावर कागद ठेवला. सव्वीस.

“सव्वीस लोक येतील. त्यातले खरे विद्यार्थी त्याहून कमी.”

मी म्हटलं, “सर, सोपं आहे. मी पहिल्या वर्षाच्या दोन्ही तुकड्यांना सक्तीनं बसवते. हजेरी लावते. एकशेदहा डोकी. कामतबाईंना काय कळतंय?”

त्या दिवशी मी सरांना पहिल्यांदा आणि शेवटचं चिडलेलं पाहिलं. आवाज चढला नाही. पिशवी उचलली, खांद्याला लावली, पुन्हा खाली ठेवली.

“मॅडम, आमच्या धंद्यात आकडा आवडत नाही म्हणून बदलायचा नसतो. मी आज चाळीस दाखवले आणि परीक्षेला बारा बसले, तर केंद्र एका सत्रात बंद होईल. मग पुन्हा कुणी सोलापूरचं नाव काढेल का? सव्वीस तर सव्वीस.”

“आणि निलोफर?”

सरांनी पिशवी पुन्हा खांद्याला लावली. छत्तीस जणांचा चहा सांगा म्हणाले, सव्वीस आणि वर सावधगिरीचे दहा. आणि निघून गेले. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. तत्त्वासाठी पोरीचं शिक्षण बुडवणारा म्हातारा, असंही मनात आलं.

रविवारी साडेदहाची सभा. सव्वादहाला सभागृहात अकरा माणसं. कामतबाई पहिल्या रांगेत चष्मा पुसत बसलेल्या. सर दारात वही घेऊन उभे, येणाऱ्यामागे एक काडी ओढत होते. दहा वाजून वीस मिनिटांनी खाली अंगणात टेम्पोचा आवाज आला. सलीमभाई! टेम्पोच्या मागच्या बाजूला भाजीच्या जागी बायका. निलोफरची आई, मावशी, आत्या, शेजारणी, त्यांच्या पोरी. त्यांच्या मागून पूर्व भागातल्या अक्का, त्यांच्याबरोबर आख्खी गल्ली, आणि तो तंबाखूवाला मुलगासुद्धा. शनिवारच्या वर्गातला एक मुलगा अक्कलकोटचा, तो आईवडिलांबरोबर दोन कन्नड बोलणारे मामा घेऊन आला. एका पोरीबरोबर तिच्या शाळेचे जुने हेडमास्तर. खुर्च्या संपल्या. लोक भिंतीला टेकून उभे राहिले. चहावाला छत्तीस कप घेऊन दारात आला आणि तसाच मागं वळला.

सरांनी काड्या ओढायचं कधीच थांबवलं होतं. माझ्याजवळ आले तेव्हा त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. इतका आनंदानं चुकलेला माणूस मी पाहिलेला नाही.

“मॅडम, चूक सापडली! मी प्रत्येक माणूस सुटा धरला. एकाच्या येण्यानं दुसरा कुणी येत नाही असं धरून बेरीज केली. आख्खं कोष्टक चुकलं! ह्या गावात कुणी सुटं आहे का? एक उठला की गल्ली उठते!”

चाळीस वर्षं विम्याचं गणित केलेला माणूस, आणि पहिल्या धड्यातली चूक. मी हसत सुटले. तेही हसत सुटले.

कामतबाई उभ्या राहिल्या. “येमूल, अभिनंदन! एवढे विद्यार्थी मला पुण्यातही दिसले नव्हते. मला वाटतं प्रश्नच मिटला.”

मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात सरांनी माइक घेतला.

“कामतमॅडम, हे सगळे विद्यार्थी नाहीत. ह्यातले बरेचसे नातेवाईक आहेत. परीक्षेला जे खरंच बसणार आहेत, तेवढ्यांनीच हात वर करा.”

बावीस हात. मी दोनदा मोजले. निलोफरचा हात धरून बावीस. मला त्या माणसाला खांद्याला धरून हलवावंसं वाटलं.

तेव्हा सलीमभाई उठले. माइक त्यांनी घेतलाच नाही, टेम्पोवर ओरडायची सवय होती. “बाई, म्या शिकलेला न्हाय. पन एक इचारतो. ही परीक्षा फकस्त पोरापोरींनाच हाय का? मोठ्या मानसाला बसता येत न्हाय?”

“वयाची अट नाही,” कामतबाई म्हणाल्या. “बारावी झालेली हवी आणि गणित हवं.”

मग काय झालं ते नीट सांगता येत नाही. आधी एका बाईचा हात वर गेला, मग तिच्या शेजारणीचा. बँकेत काम करणारी एक मुलगी. बी.एस्सी. करून लग्नात अडकलेली निलोफरची मावसबहीण. शाळेत गणित शिकवणारे दोघं जण. अक्कलकोटच्या मामांपैकी धाकटा. बघता बघता नवे तीस हात.

दुसरा कुणी असता तर त्यानं तिथंच टाळ्या वाजवल्या असत्या. येमूलसर माइक ठेवून रांगांतून फिरायला लागले. प्रत्येक हाताखाली थांबायचे. “बारावीला गणित होतं? किती पडले? रोज दोन तास बसाल? आईनं ढकललं म्हणून हात वर केलाय का? मग खाली घ्या. रागावलो नाही, खाली घ्या.” तंबाखूवाल्या मुलाचा हात त्यांनी स्वतःच्या हातानं खाली केला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. तेरा हात खाली गेले. सतरा राहिले. बावीस आणि सतरा, एकोणचाळीस.

कामतबाईंनी कागदावर आकडा लिहिला आणि पेनाचं टोक तिथंच टेकवून ठेवलं. नियम चाळीसचा होता आणि त्या नियमाच्या बाई होत्या. दारापाशी निलोफर दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून उभी होती.

सर व्यासपीठाजवळ उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते, पंख्याकडे बघत होते. बघितलं तर मला भरीला पाडल्यासारखं होईल म्हणून. मला ते इतकं स्पष्ट कळलं की माझाच हात वर गेलेला मला उशिरा दिसला.

सर आले. इतरांसारखंच माझ्यासमोर थांबले.

“मॅडम, तुम्ही गणित शेवटचं कधी सोडवलंत?”

“रोज शिकवते, सर!”

“शिकवणं वेगळं. सोडवणं वेगळं. शनिवारी येणार का? मागच्या बाकावर नाही. पुढं.”

“येते.”

“‘येते’ म्हणजे दहात किती?”

“दहात दहा, सर.”

तेव्हा कुठं ते वळले आणि म्हणाले, “कामतमॅडम, चाळीस.”

सभागृहात जो गलका झाला त्यात कामतबाईही टाळ्या वाजवत होत्या. चहा शेवटी सगळ्यांना अर्धा अर्धा कप मिळाला. सलीमभाईंनी तो उभ्यानंच प्यायला आणि कामतबाईंना टेम्पोतून स्टेशनवर सोडायचा आग्रह धरला, आणि त्या बसल्याही!

पुढचे चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत मजेचे आणि सगळ्यांत अपमानाचे. बावन्नाव्या वर्षी माझ्याच विद्यार्थिनींच्या शेजारी बसून मी गणितं चुकत होते, आणि निलोफर दबक्या आवाजात “मॅडम, हितं उणे चिन्ह हाय,” असं सांगत होती. मी त्या परीक्षेत नापास झाले, हे आत्ताच सांगून टाकते. दुसऱ्या खेपेला पास झाले. आता संस्थेचं पत्र येतं तेव्हा मी तीन चौकोनांत खुणा करते. सगळ्या चौकोनांत करण्याइतकी मी अजून सुधारलेली नाही.

त्या पहिल्या परीक्षेच्या दिवशीचे सर मला शेवटचे दिसलेले. दुपारच्या गाडीनं ते मुलीकडे हैदराबादला जाणार होते, डोळ्याच्या ऑपरेशनला. पुढं ती त्यांना परत येऊ देईना, आणि त्या हिवाळ्यात ते तिकडेच गेले, झोपेत. फोनवर आम्ही पुष्कळ बोललो, पण पाहिलं ते तेव्हाच.

केंद्र एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या संगणकाच्या खोलीत होतं. सर सकाळी आठपासून फाटकाशी उभे. हातात चाळीस नावांची यादी. लोक यायला लागले आणि अर्थातच सुटं कुणी येईना. माझ्याबरोबर माझा नवरा आणि सासूबाई, दही-साखरेच्या वाटीसकट. बँकेतल्या मुलीबरोबर तिचं सगळं घर. मामाबरोबर थोरला मामा. सर एकेकाच्या नावापुढं खूण करत होते आणि नातेवाइकांना रस्त्यापलीकडच्या झाडाखाली हाकत होते. “पोरांना श्वास घेऊ द्या. आत हवा जाऊ द्या.”

नऊला दहा मिनिटं कमी असताना एकोणचाळीस खुणा झाल्या होत्या. निलोफर नव्हती. सर रस्त्याकडे बघत होते. टेम्पो दिसत नव्हता. मी आत जायचं सोडून त्यांच्याशेजारी उभी राहिले. या वेळी ते फरवालेदू म्हणाले नाहीत.

मग ती दिसली. कोपऱ्यावरून चालत येत होती, खांद्याला पिशवी, हातात प्रवेशपत्र, भाजी आणायला निघाल्यासारखी. बरोबर कुणीच नव्हतं. भाऊ नाही, आई नाही, मावशी नाही, आत्या नाही.

सर पुढं झाले. “एकटीच आलीस? घरी सगळं ठीक आहे ना? अब्बा कुठं आहेत?”

निलोफरला त्यांच्या काळजीचं नवल वाटलं.

“अब्बा मार्केट यार्डात गेलेत, भाई गॅरेजला,” ती म्हणाली. “सगळे कामाला गेलेत, सर. कशाला यायचं? हितंच तर हाय की.”

आणि ती आत निघून गेली.

सरांनी तिच्या नावापुढं खूण केली. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मी काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी हातानंच मला आत जायला सांगितलं. मी जिन्यावरून वळून पाहिलं तेव्हा ते रस्त्यापलीकडच्या झाडाखाली, त्या सगळ्या आया-मावश्या-मामांच्या घोळक्यात जाऊन उभे होते आणि हात हलवून हलवून त्यांना सांगत होते, “एकटी आली! चालत आली!”